दोष यंत्राचा की जोडसाधनाचा?

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनानिमित्त परिचारिका, तंत्रज्ञ व हितचिंतक यांच्यासमोर जैववैद्यकीय अभियांत्रिकी विभागप्रमुखांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानासाठी सेवाधर्म, रुग्णसंवाद किंवा आरोग्यक्षेत्रापुढील एखादे मोठे आव्हान असा विषय घेण्याची आपल्याकडे प्रथा आहे. त्या विषयांवर अधिकाराने बोलणारी मंडळी या सभागृहात पुष्कळ आहेत. माझे काम यंत्रे दुरुस्त करण्याचे आणि ती बिघडू नयेत म्हणून धडपडण्याचे. तेव्हा मी आपल्यापुढे एक लहान, रोजचा आणि काहीसा उपेक्षित प्रश्न मांडणार आहे. वॉर्डातील एखादे यंत्र नीट चालत नाही असे दिसते, तेव्हा दोष खरोखर त्या यंत्रात असतो, की त्याला जोडलेल्या केबलमध्ये, प्रोबमध्ये, कफमध्ये किंवा फूटस्विचमध्ये असतो? आणि ते ठरवावे कसे?

या जोडलेल्या वस्तूंना मी ‘जोडसाधने’ म्हणणार आहे. वॉर्डात आपण सारे त्यांना ‘ॲक्सेसरीज’ म्हणतो. शब्द कोणताही चालेल. यंत्र एका जागी फळीवर किंवा ट्रॉलीवर बसलेले असते. जोडसाधन मात्र दिवसभर फिरत असते. ते रुग्णाच्या अंगाला चिकटते, घामाने भिजते, पलंगाच्या कठड्यात चेंगरते, ट्रॉलीच्या चाकाखाली येते, निर्जंतुकीकरणाच्या द्रावणाने पुसले जाते आणि रात्रपाळी संपताना घाईघाईने गुंडाळून ठेवले जाते. जे हलते, वाकते आणि भिजते, ते आधी झिजणार, हे सांगायला अभियंत्याची गरज नाही. तरीही आमच्या विभागात येणारा दूरध्वनी बहुधा एकाच वाक्याने सुरू होतो : ‘मशीन बिघडले आहे.’ हे वाक्य निष्कर्ष आहे, निरीक्षण नव्हे. निरीक्षण असे असते : ‘पडद्यावरची ईसीजीची रेघ सपाट झाली आहे, रुग्ण मात्र माझ्याशी बोलतो आहे.’ दुसऱ्या वाक्याने आमचे निम्मे काम होते.

निष्कर्ष घाईने काढला की काय होते, याचा एक अनुभव सांगतो. माझ्या आधीच्या नोकरीतील, एका तालुक्याच्या गावच्या रुग्णालयातील ही गोष्ट. शस्त्रक्रियागृहातील कॉटरी मशीन मध्येच बंद पडू लागले. पायाने पेडल दाबले तरी कधी चालायचे, कधी नाही. ते बिघडल्याची नोंद झाली, लाकडी पेटीत भरून ते शहरातील दुरुस्ती केंद्राकडे पाठवले गेले. तीन आठवडे शस्त्रक्रिया एका जुन्या, मागणीप्रमाणे शक्ती न देणाऱ्या यंत्रावर चालल्या. काही शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या; ज्यांच्या ढकलल्या गेल्या, त्यांपैकी बहुतेक जण मजुरी बुडवून आणि एस.टी.ने लांबचा प्रवास करून आलेले होते. यंत्र परत आले ते तपासणीच्या बिलासह आणि ‘दोष आढळला नाही’ अशा शेऱ्यासह. तो शेरा शंभर टक्के खरा होता. कारण यंत्रासोबत फूटस्विच पाठवलेलाच नव्हता. तो शस्त्रक्रियागृहाच्या कोपऱ्यात तसाच पडून होता. त्याच्या आत सलाईन शिरून संपर्कबिंदूंवर हिरवट गंज चढला होता. यंत्र जोडले, पेडल दाबले आणि पुन्हा तेच.

आता पद्धतीकडे वळतो. परंतु पद्धतीच्याही आधी एक गोष्ट आहे आणि ती कोणत्याही परिस्थितीत दुसऱ्या क्रमांकावर जाता कामा नये. यंत्राने इशारा दिला की प्रथम रुग्णाकडे पाहावे. श्वास चालू आहे का, ओठांचा रंग कसा आहे, नाडी लागते का, रुग्ण हाकेला ओ देतो का. व्हेंटिलेटरच्या बाबतीत हे अधिकच काटेकोरपणे पाळावे. रुग्णाचा श्वास बिघडत असेल तर आधी ऑक्सिजन जोडलेल्या ॲम्बू बॅगने हाताने श्वास द्यावा, डॉक्टरांना बोलवावे, आणि मग यंत्राचा विचार करावा. नळी सरकली आहे का, ती कफाने तुंबली आहे का, छातीत हवा भरली आहे का, हे प्रश्न आधीचे. उपकरणातील दोष त्यानंतर. बॅगने रुग्ण सावरला तर व्हेंटिलेटर रुग्णापासून बाजूला असताना त्याला रबरी टेस्ट लंग जोडून, नळ्यांचा संच बदलून, शांतपणे दोष शोधता येतो. ‘केबल खराब असेल’ असे म्हणून इशारा बंद करणारा हात आणि ‘मशीन बिघडले’ असे म्हणून ते कोपऱ्यात ढकलणारा हात हे दोन्ही सारखेच घातक आहेत. दोघांनीही काहीच तपासलेले नसते.

रुग्ण सुरक्षित आहे, हाताशी दुसरे यंत्र आहे, आणि आता दोष शोधायचा आहे असे समजू. अशा वेळी बहुतेक जण एकाच दमात केबल बदलतात, इलेक्ट्रोड बदलतात, यंत्र बंद करून चालू करतात आणि प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये घालतात. यंत्र चालू लागते. सगळ्यांना बरे वाटते. पण चार गोष्टी एकदम बदलल्या असतील, तर दोष कशात होता हे कोणालाच सांगता येत नाही, आणि सदोष केबल कपाटात जाऊन उद्या दुसऱ्या रुग्णाच्या छातीवर लागते. म्हणून एका वेळी एकच बदल करावा, हा पहिला नियम.

त्यातही क्रम आहे. केबल बदलण्यापूर्वी तीच केबल काढून, पिना डोळ्यांखालून घालून, पुन्हा नीट बसवावी. याचे कारण ध्यानात घेण्यासारखे आहे. आपण नवी केबल लावतो तेव्हा प्रत्यक्षात दोन बदल करतो : जुनी केबल जाते आणि सॉकेटमधील संपर्क नव्याने घासून बसतो. पुष्कळदा यंत्र दुरुस्त होते ते या दुसऱ्या कारणाने, आणि निर्दोष केबल मात्र कचऱ्यात जाते. जुनीच केबल पुन्हा बसवल्यावर दोष गेला, तर तो सैल किंवा मळलेल्या जोडाचा होता. गेला नाही, तर मगच दुसरी केबल घ्यावी.

ही दुसरी केबल नुसती ‘दुसरी’ असून भागत नाही. ती चांगली असल्याचे आधी ठाऊक असले पाहिजे. कपाटातून हाताला लागेल ती केबल काढून लावली आणि दोष कायम राहिला, तर आपण यंत्राला दोषी ठरवतो. पण कपाटातली केबलही तुटकीच असू शकते. म्हणून शेजारच्या पलंगावर या क्षणी बिनचूक चालणाऱ्या, त्याच बनावटीच्या मॉनिटरची केबल घ्यावी; अर्थात त्या रुग्णाला काही क्षण तिच्याविना ठेवता येत असेल तरच. तीही लावून दोष राहिला तर संशय यंत्रावर जातो. दोष गेला तर संशय जुन्या केबलवर जातो. मी ‘संशय’ म्हणतो आहे, ‘सिद्ध’ नव्हे. सिद्ध करण्यासाठी दोन पावले उरतात. संशयित केबल चांगल्या यंत्राला लावून पाहावी. दोष तिच्याबरोबर तिकडे गेला पाहिजे. आणि ती मूळ यंत्राला पुन्हा लावून पाहावी. दोष परत आला पाहिजे. हे शेवटचे पाऊल लोकांना निरर्थक वाटते, कारण यंत्र एव्हाना चालू झालेले असते. परंतु दोष परत येत नसेल, तर आपल्याला तो सापडलेलाच नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. संशयित जोडसाधन चांगल्या यंत्राला लावण्यापूर्वी त्याच्या पिना वाकलेल्या नाहीत ना, आवरण फाटून तारा उघड्या पडलेल्या नाहीत ना, जोडात ओल किंवा जळकट वास नाही ना, हे पाहावे. यांपैकी काही असेल तर ती परीक्षा करू नये. वाकडी पिन चांगल्या सॉकेटचेही नुकसान करते, आणि मग एका बिघाडाचे दोन होतात.

अधूनमधून येणारा दोष सर्वांत त्रासदायक. आमच्या विभागातील माणूस वर्डात पोहोचेपर्यंत तो हमखास नाहीसा झालेला असतो. अशा वेळी केबल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू, हाताच्या वीतभर अंतराने, किंचित वाकवत जावी आणि नजर पडद्यावर ठेवावी. तार मध्यभागी क्वचितच तुटते. जेथे ती जोडाच्या ताठ भागातून बाहेर पडते, तेथे ती वारंवार एकाच जागी वाकते आणि आवरण शाबूत असतानाही आतून तुटते. बाहेरून केबल नवीकोरी दिसते, म्हणून तिच्यावर कोणाचा संशय जात नाही.

ईसीजीच्या बाबतीत तर दोष शोधण्याचे गणित त्या शास्त्राच्या जनकानेच आपल्या हाती दिले आहे. नेदरलँड्समधील लायडन येथील विलेम आइंथोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत आपला तारेचा गॅल्व्हानोमीटर सिद्ध केला. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे यंत्र खोलीभर पसरलेले होते, आणि त्याचे जोडसाधन म्हणजे मिठाच्या पाण्याची भांडी. रुग्णाने दोन्ही हात आणि डावा पाय त्या भांड्यांत बुडवून बसायचे. आज त्या भांड्यांची जागा जेल लावलेल्या चिकटपट्टीने घेतली आहे, पण हातपायांच्या तीन लीड त्यांच्याच आहेत. लीड एक म्हणजे डाव्या व उजव्या हातांतील फरक, लीड दोन म्हणजे डावा पाय व उजवा हात यांतील, आणि लीड तीन म्हणजे डावा पाय व डावा हात यांतील.

आता पाहा. पट्टीवर लीड एक आणि लीड दोन खडबडीत आहेत, पण लीड तीन स्वच्छ आहे. पहिल्या दोहोंत समान काय? उजवा हात. लीड तीनमध्ये कोण नाही? उजवा हात. म्हणजे दोष उजव्या हाताच्या वाटेवर आहे, आणि ईसीजी यंत्र स्वतः निर्दोष असण्याची शक्यता मोठी आहे, कारण तेच यंत्र लीड तीन स्वच्छ काढत आहे. छातीच्या लीडमध्येही थोडा गोंधळ दिसेल, कारण त्यांचा संदर्भबिंदू तिन्ही अवयवांच्या सरासरीतून तयार होतो. सर्वच लीडमध्ये एकसारखी, दाट, करवतीसारखी रेघ असेल, तर उजव्या पायाची तार किंवा तिचा इलेक्ट्रोड आधी पाहावा. ती सुटली की आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेचा गुणगुणाट सगळीकडे शिरतो.

परंतु ‘उजव्या हाताच्या वाटेवर’ म्हणजे नेमके कोठे? तार तुटलेली असेल, जेल सुकलेले असेल, किंवा कंपवात असलेल्या आजोबांचा तो हातच थरथरत असेल. तार की हात, हे ओळखण्याची एक सुंदर परीक्षा आहे. दोन्ही हातांच्या तारा परस्परांत बदलाव्यात. इलेक्ट्रोड जागच्या जागी ठेवावेत. तार सदोष असेल तर खडबडीतपणा पहिल्याप्रमाणेच लीड एक व दोनमध्ये राहील, कारण यंत्र त्या तारेलाच उजवा हात समजते. दोष हातात किंवा त्या इलेक्ट्रोडमध्ये असेल, तर तो आता लीड एक व तीनमध्ये सरकलेला दिसेल. दोन मिनिटांत निवाडा होतो. मात्र अशी उलटी काढलेली पट्टी तेथल्या तेथे फाडून टाकावी आणि तारा पूर्ववत कराव्यात. ती चुकून रुग्णाच्या कागदांत लागली, तर लीड एक उलटी पाहून कोणीतरी भलताच विचार करत बसेल.

तारांच्या रंगांबद्दलही एक शब्द. आपल्या बहुतेक यंत्रांवर युरोपीय पद्धतीचे रंग आहेत : लाल उजवा हात, पिवळा डावा हात, हिरवा डावा पाय, काळा उजवा पाय. अमेरिकी पद्धतीत पांढरा उजवा हात, काळा डावा हात, लाल डावा पाय आणि हिरवा उजवा पाय. देणगीतून आलेल्या यंत्रांसोबत दोन्ही पद्धतींच्या केबल रुग्णालयात येतात. सवयीने रंग पाहून लाल तार उजव्या हाताला लावणारी सिस्टर अमेरिकी केबलवर डाव्या पायाची तार हाताला लावून बसते. येथे यंत्र, केबल आणि सिस्टर तिघेही आपापल्या परीने बरोबर असतात, आणि ईसीजी चुकीचा येतो. म्हणून रंगापेक्षा तारेवर छापलेली अक्षरे वाचावीत.

पल्स ऑक्सिमीटर २०२० नंतर घरोघरी पोहोचला, त्यामुळे त्याविषयी थोडे विस्ताराने बोललो तर हितचिंतक मंडळींनाही उपयोग होईल. जपानमधील निहॉन कोडेन या संस्थेतील अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात त्याचे तत्त्व मांडले. बोटातून तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकारचे किरण आळीपाळीने सोडायचे आणि नाडीच्या ठोक्यासरशी दोन्हींच्या शोषणात किती चढउतार होतो, त्याचे गुणोत्तर काढायचे. या गुणोत्तरावरून रक्तातील प्राणवायूची टक्केवारी ठरते. गंमत अशी की हे गुणोत्तर बरोबर एक आले, तर त्याचा अर्थ सुमारे ८५ टक्के असा लागतो. आता प्रोबची तार सैल आहे, किंवा बाहेरचा झगझगीत प्रकाश आत शिरतो आहे, किंवा बोट हलते आहे असे समजा. हा गोंधळ दोन्ही किरणांच्या मोजणीत सारखाच मिसळतो, गुणोत्तर एककडे ओढले जाते, आणि पडद्यावर ८५ च्या आसपास आकडा घोटाळत राहतो.

म्हणून ८५ दिसले आणि रुग्ण नीट बोलतो आहे, नाडीची लाट वेडीवाकडी आहे, पडद्यावरचे नाडीचे ठोके हाताने मोजलेल्या ठोक्यांशी जुळत नाहीत, तर प्रोबवर संशय घ्यावा. परंतु खरोखर ८५ असलेला रुग्णही आपल्या वॉर्डात असतो. २०२० व २०२१ साली आपण सर्वांनी असे रुग्ण पाहिले, जे शांतपणे बोलत होते आणि ज्यांचा प्राणवायू धोकादायकरीत्या उतरलेला होता. केवळ ‘बरा दिसतो आहे’ या आधारावर प्रोबला खोटे ठरवू नये. प्रोब खोटा आहे हे सिद्ध करण्याचे साधन आपल्या प्रत्येकाकडे आहे : स्वतःचे बोट. प्रोब आपल्या बोटाला लावावा. लाट सुरेख आली आणि आकडा नेहमीसारखा आला, तर प्रोब आणि यंत्र दोन्ही चांगले आहेत. रुग्णाच्या बोटाकडे परत जावे. ते गार आहे का, नखांना रंग किंवा मेंदी आहे का, त्याच हाताला रक्तदाबाचा कफ बांधून तो फुगतो आहे का? आणि हे सारे ठीक असेल, तर तो आकडा खरा आहे. डॉक्टरांना ताबडतोब बोलवावे.

याच संदर्भात एक फसवी गोष्ट आहे. मॉनिटरच्या प्रोबचा जोड पुष्कळदा नऊ पिनांचा, सर्वसामान्य आकाराचा असतो. आकार जुळला म्हणजे प्रोब जुळला असे वाटते. काही बनावटींत त्या जोडाच्या आत एक लहानसा रोधक बसवलेला असतो. प्रोबमधील तांबड्या दिव्याची नेमकी तरंगलांबी किती आहे, हे यंत्र त्या रोधकावरून ओळखते आणि त्याप्रमाणे हिशेब करते. दुसऱ्या पद्धतीचा प्रोब त्याच भोकात चपखल बसू शकतो. मग यंत्र कधी काहीच दाखवत नाही. ते बरे म्हणायचे. कधी ते आकडा दाखवते, आणि तो चुकीचा असतो. बिघडलेले जोडसाधन निदान आरडाओरडा करते. न जुळणारे जोडसाधन शांतपणे खोटे बोलते.

रक्तदाबाच्या कफचे तसेच आहे. कफची हवा गळत असेल तर यंत्र पुन्हा पुन्हा फुगवते आणि शेवटी हार मानून चूक दाखवते. कफ एखाद्या टणक नळकांड्याभोवती गुंडाळून फुगवला आणि दाब टिकला नाही, तर गळती बहुधा कफ किंवा नळीत आहे. कफ बदलून दाब टिकला तर ती कफमध्ये होती. हा झाला आरडाओरडा करणारा दोष. परंतु आपल्या बाह्यरुग्ण विभागात बहुधा एकच मध्यम कफ टेबलावर असतो आणि तोच प्रत्येकाला बांधला जातो. कफमधील हवेच्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के आणि लांबी सुमारे ८० टक्के असावी, असा दंडक आहे. जाड दंडाला लहान कफ बांधला की रक्तदाब खऱ्यापेक्षा जास्त येतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यांना मोठा कफ हवा होता त्यांना नेहमीचा कफ बांधल्यावर वरचा रक्तदाब सरासरी ४.८ मिलिमीटरने, आणि ज्यांना अतिमोठा हवा होता त्यांचा तब्बल १९.५ मिलिमीटरने अधिक आला. यंत्र निर्दोष, कफही फाटलेला नाही, वाचन मात्र चूक. एखाद्या रिक्षाचालकाला किंवा गृहिणीला या चुकीपोटी रोजच्या गोळ्या सुरू होऊ शकतात, आणि महिन्याचा तो खर्च आपण नव्हे, ते कुटुंब सोसते. पुढल्या वर्षीच्या खरेदीत प्रत्येक तपासणी कक्षास तीन आकारांचे कफ मिळावेत, अशी मी विश्वस्तांना येथूनच विनंती करतो.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर लहानमोठ्या रुग्णालयांत देणगीतून आलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहेत. त्यांच्याबद्दल ‘हवा येत नाही’ अशी तक्रार आली की मी नळीचे नाकाकडील टोक पेलाभर पाण्यात बुडवायला सांगतो. बुडबुडे नसतील तर पाण्याची बाटली काढून नळी थेट यंत्राला लावावी. बुडबुडे आले तर यंत्र चांगले आहे. बाटलीचे झाकण तिरके बसले आहे किंवा तिचे छिद्र क्षारांनी बुजले आहे. झाकण तिरके असेल तर यंत्रावरचा गोळा योग्य प्रवाह दाखवत राहतो आणि प्राणवायू वाटेतच निसटतो; छिद्र बुजले असेल तर गोळाच खाली उतरतो. घरी कॉन्सन्ट्रेटर वापरणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना एवढे जरी शिकवले, तरी रात्रीबेरात्री यंत्र डोक्यावर घेऊन रुग्णालय गाठण्याचे त्यांचे कष्ट वाचतील.

मी आतापर्यंत यंत्राची बाजू घेत आलो. आता उलट बाजूने बोलतो. एकाच मॉनिटरवर दोन महिन्यांत तिसरी केबल गेली, तर चौथी मागवू नये. सॉकेटमधील एखादी पिन आत दबलेली किंवा वाकलेली असते आणि ती प्रत्येक नव्या केबलचा जोड खराब करते. किंवा मॉनिटर अशा उंचीवर टांगलेला असतो की केबल सतत ताणलेली राहते. किंवा ती यंत्राभोवती घट्ट गुंडाळून ठेवण्याची पद्धत पडलेली असते. सैल, वहीएवढ्या वेटोळ्यात गुंडाळली तर तीच केबल कितीतरी जास्त टिकते. मामा-मावशी पुसण्यासाठी कोणते द्रावण वापरतात, हेही पाहावे. काही द्रावणांनी आवरण कडक होऊन तडकते, आणि उत्पादकाच्या पुस्तिकेत कोणते वापरावे हे लिहिलेले असते. ती पुस्तिका बहुधा स्टोअरच्या कपाटात, प्लास्टिकही न काढलेल्या अवस्थेत असते. असो.

खर्चाचा विषय टाळता येणार नाही. आपले रुग्णालय समाजाच्या दानावर चालते. दाते मोठ्या मनाने यंत्र देतात आणि त्यावर आईवडिलांच्या नावाची पाटी लागते. ते योग्यच आहे. परंतु केबलवर पाटी लावायला जागा नसते, म्हणून केबलसाठी देणगी येत नाही. मग वर्षभरात जोडसाधने झिजतात, स्वस्तातली मिळेल ती नक्कल आणली जाते, आणि लाखांचे यंत्र शेकड्यांच्या तारेमुळे कोपऱ्यात बसते. सगळीच पर्यायी जोडसाधने वाईट असतात असे मी म्हणणार नाही. काही उत्तम असतात. परंतु ती आपल्या यंत्राच्या नेमक्या नमुन्याशी जुळतात असे उत्पादकाने लेखी दिलेले असावे, आणि विभागाने ती चांगल्या यंत्रावर पडताळून घेतल्याखेरीज वॉर्डात जाऊ नयेत. कायदाही आता याच दिशेने आहे. १ एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या भारत सरकारच्या अधिसूचनेत वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येतच जोडसाधनाचा स्पष्ट समावेश आहे. तसेच २०१५ साली सुरू झालेल्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे उपकरणांमुळे घडलेल्या किंवा थोडक्यात टळलेल्या अपायांची माहिती कळवता येते. गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग तिचे संकलन करतो. सदोष प्रोबमुळे रुग्णाला इजा झाली वा होता होता राहिली, तर तो प्रोब फेकू नये. पिशवीत घालून, चिठ्ठी लावून आमच्याकडे द्यावा. फेकून दिलेल्या वस्तूची चौकशी होऊ शकत नाही.

आमच्या विभागाने या वर्षीपासून दोन साध्या गोष्टी ठरवल्या आहेत. अतिदक्षता विभागात सिस्टर इन्चार्ज यांच्या टेबलाच्या कुलूपबंद खणात ईसीजी केबल, प्रोब, कफ व नळी यांचा एक पडताळलेला संच राहील. त्यावर निळी पट्टी असेल आणि तो केवळ परीक्षेसाठी वापरला जाईल. रुग्णाला कायमचा लावला जाणार नाही, कितीही निकड असली तरी. कारण तो एकदा रुग्णाला लागला की आठवड्याभरात तोही इतर केबलसारखाच संशयास्पद होतो. आणि दुरुस्तीच्या तक्रारवहीत ‘मशीन बंद’ या रकान्याऐवजी तीन छोटे रकाने असतील : काय दिसले, कोणते जोडसाधन लावलेले होते, निळ्या संचाने काय दिसले. यंत्र बाहेर पाठवायचे झाले, तर ते सर्व जोडसाधनांसह जाईल आणि पेटीवर त्यांची यादी चिकटवलेली असेल. कॉटरीच्या त्या गोष्टीनंतर हे समजावून सांगण्याची गरज उरली नसावी.

भाषण येथे थांबवतो, कारण परिचारिका प्रशिक्षण कक्षात प्रात्यक्षिकाची तयारी झाली आहे. तेथे दोन मॉनिटर आणि पाच ईसीजी केबल मांडून ठेवल्या आहेत. एका केबलमधील डाव्या हाताची तार आतून तुटलेली आहे, आणि एका मॉनिटरचे सॉकेट सैल आहे. कोणती केबल आणि कोणता मॉनिटर, हे मेट्रन सिस्टरांना ठाऊक आहे. त्यांनी ते कोणालाही न सांगण्याचे कबूल केले आहे. चहा झाल्यावर सहा-सहा जणांच्या गटांनी यावे. डॉक्टर मंडळींनीही यावे, अशी विनंती.